दुहेरी चाकांतील आतला टायर

अनमोड घाट उतरून गोव्यात येणाऱ्या मालट्रकच्या मागच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंस जोडीने टायर असतात. बाहेरचा सहज दिसतो. आतल्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचत नाही, म्हणून त्याची हवा तपासणे टळते. धोका तिथेच आहे. आतल्याची हवा उतरली की त्याच्या वाट्याचा भार जोडीच्या टायरवर पडतो. कमी हवेचा टायर दर फेऱ्याला अधिक दबतो, त्याच्या बाजू वाकून वाकून तापतात, आतले थर सुटू लागतात आणि अखेर तो फुटतो. उतारावर तापलेल्या ब्रेकची धग त्यात भर घालते.

टायरवर लोखंडी पाना ठोकून आवाजावरून हवा ओळखण्याची चालकांची रीत जुनी आहे. तिने पूर्ण बसलेला टायर कळेल. ११० पीएसआयऐवजी ८५च उरली असेल तर ते कळणे कठीण. त्यासाठी गेजच हवा, आणि तोही गाडी किमान तीन तास उभी राहून टायर गार झाल्यावर लावावा. धावलेल्या टायरचा दाब वाढतोच. तो जास्त दिसला म्हणून हवा सोडणे घातक. गार होताच तोच टायर कमी हवेचा ठरतो. आतल्या व्हॉल्व्हला लांब नळी जोडून घेतली, तर तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत.