नवी नोकरी : टिकावे की सोडावे?

जाफराबाद तालुक्यातला मुलगा आयटीआय करून जालन्याच्या एमआयडीसीत, वाळूजला नाहीतर थेट चाकणला कामाला लागला, की घरी पेढे वाटले जातात. नुसत्या शेतीवर भागत नाही म्हणूनच त्याला बाहेर धाडलेले असते. त्यामुळे महिनाभरात झोप उडाली, तरी ‘सोडून येतो’ हे शब्द तोंडातून निघत नाहीत.

पण वाईट नोकरीही रिकामे बसण्यापेक्षा बरी, हे नेहमीच खरे नसते. ऑस्ट्रेलियात सात हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासणारा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बेरोजगारीतून चांगल्या नोकरीत गेलेल्यांचे मानसिक आरोग्य सुधारले. मात्र वाईट नोकरीत गेलेल्यांचे बेरोजगार राहिलेल्यांपेक्षाही जास्त ढासळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले, की आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

मग निर्णय कसा घ्यावा? नवखेपणाचा ताण काम हाताला बसले, ओळखी झाल्या, की हळूहळू ओसरतो. खऱ्या वाईट नोकरीचा ताण मात्र वाढत जातो. काम भरपूर आणि आपल्या हातात काहीच नाही, ही स्थिती सर्वांत त्रासदायक असते. म्हणून तीन-चार आठवडे झोपेचे आणि कामाचे तास वहीत लिहावेत. सुटीच्या दिवशीही धडधड, चिडचिड, भूक न लागणे सुरूच असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. पाळी किंवा विभाग बदलून मिळतो का, हेही विचारून पाहावे.

यंत्रावर सुरक्षेची साधने मिळत नसतील, मारहाण किंवा छळ होत असेल, तर मात्र वाट पाहू नये. जीव नकोसा वाटू लागला, तर घरच्यांना लगेच सांगावे आणि ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा, तो चोवीस तास सुरू असतो.

सोडायचे ठरलेच, तर नेमणूकपत्रातली नोटिशीची मुदत आधी वाचावी. पीएफचा यूएएन क्रमांक जपून ठेवावा. नव्या नोकरीतही तोच चालतो, जमा रक्कम बुडत नाही. शक्य असेल तर दुसरे काम पाहूनच राजीनामा द्यावा.

आणि मुलगा बॅग घेऊन परत आलाच, तर घरच्यांनी ‘का सोडली?’ याआधी ‘झोप लागते का?’ हे विचारावे.