गोठ्यातली राजदूत आणि आपल्या उसाचे पेट्रोल

आपल्या भागात बाप गेला की मुलांच्या वाट्याला काय काय येते याची मोजदाद केली, तर शेत, विहीर, कारखान्याचा शेअर, सोसायटीचे कर्ज आणि पुष्कळ घरी गोठ्यात पोत्याखाली झाकलेली एक राजदूत, अशी यादी निघते. पहिल्या चारांची वारस-नोंद होते. पाचवीकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मग एखाद्या दिवाळीत साफसफाई निघते, दारात भंगारवाला उभा राहतो, "भाऊ, ह्या गाडीले आता कोनी पुसत नाही" म्हणतो आणि किलोच्या भावाने लोखंड उचलून नेतो. त्या गाडीवर बापाने किती कॅन दूध वाहिले, किती खताची पोती आणली, हे त्या काट्यावर येत नाही.

ही गाडी मूळची पोलंडची. तिकडच्या एसएचएल एम-११ या मोटारसायकलीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने फरिदाबादला १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला राजदूत काढली. १७३ सी.सी.चे एक सिलिंडर, टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर. १९७३ साली 'बॉबी' चित्रपटात ऋषी कपूरच्या हाती तिची धाकटी बहीण, छोटी जीटीएस, आली आणि तरुण पोरे वेडी झाली. पण शेतकऱ्याची गाडी ती मोठीच. धर्मेंद्र तिच्या जाहिरातीत होता तो उगाच नव्हे. कच्च्या रस्त्याला दबत नसे, आणि बिघाड झाला तर पाना आणि पकड घेऊन बांधावरच उघडता येई. १९८५ साली हिरो होंडाची शंभर सी.सी.ची गाडी आली, एका लिटरात कितीतरी पुढे जाऊ लागली, आणि राजदूत मागे पडत गेली. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तिचे उत्पादनही थांबले.

आमच्या घरी वडिलांची १९७४ सालची आहे. ती चालू करण्याचा उद्योग आम्ही काही न येताच सुरू केला. नवख्या माणसाला त्यात जे कळले ते येथे मांडतो, कारण परतवाडा, कांडली, अचलपूर या भागात अशा गाड्या अजून पुष्कळ पडून आहेत.

सर्वात आधी कागद. गाडी दुरुस्त होऊन दारात उभी राहिली आणि नाव मात्र दिवंगत माणसाचे, तर ती कोणाचीच नव्हे. मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे आणि ३ महिन्यांत नाव बदलाचा अर्ज करायचा, असा नियम आहे. पुष्कळांची ही मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. तरी अर्ज करावाच. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. ही संमती सुरुवातीलाच घ्या. गाडी भंगारात होती तोवर कोणाला नको असते, चकाकली की भावाभावांत "बाबाची गाडी" निघते. शेअरच्या बाबतीत आपण हे पाहिलेलेच आहे.

जुन्या पुस्तकावर एमएच-२७ नसणार. ही जिल्हावार मालिका १९८९ पासूनची. तुमचा नंबर तीन अक्षरांचा असेल, तो जपा. पुस्तकातला इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. पन्नास वर्षांत कोणी दुसऱ्याचे इंजिन बसवले असेल तर ते रंग लावण्याआधी कळलेले बरे.

५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळी 'विंटेज' नोंदणी आणली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क ठरले, आणि मुख्य म्हणजे अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. ज्याला ती प्रदर्शनात उभी करायची आहे त्याने खुशाल करावे. ज्याला वाडीवर जायचे आहे त्याने साधे नूतनीकरण करून घ्यावे. पंधरा वर्षांनंतर ते दर पाच वर्षांनी करावे लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. आम्ही दुसरा मार्ग घेतला.

आता यंत्राकडे. वर्षानुवर्षे पडून असलेल्या गाडीला पहिल्याच दिवशी किक मारू नये. प्लग काढा, सिलिंडरमध्ये दोन चमचे टू-स्ट्रोक ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, मग वरच्या गिअरात टाकून मागचे चाक हाताने हळू फिरवा. पिस्टन चिकटला असेल तर ऑइल-रॉकेल घालून आठवडाभर थांबावे लागते. हातोडीने ठोकणारा मिस्त्री भेटला तर चहा पाजून वाटेला लावावा.

उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्या आणि प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात, चिठ्ठी टाकून ठेवा. कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठे होते. फुंकर किंवा हवेचा पंप पुरे. मॅग्नेटोखालचे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून फटीचे माप फिलर गेजने घ्या, नखाने नव्हे. सायलेन्सरमध्ये काजळी थिजलेली असते. इंजिन चालू होते पण ओढत नाही, त्याचे कारण बहुधा तेच. ब्रेक लायनर, टायर-ट्यूब आणि केबली मात्र जुन्या ठेवूच नका. सुटे भाग अमरावती-नागपूरला मिळतात, नाही तर दिल्लीच्या करोल बागेतून मागवता येतात.

नवख्याला न दिसणारी वस्तू म्हणजे क्रँकचे ऑइल सील. टू-स्ट्रोक इंजिनात खालच्या पेटीतूनच पेट्रोल-हवेचे मिश्रण वर जाते. सील सुकले की तिथून नुसती हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि भर रस्त्यात पिस्टन पकडतो. सील दिसायला क्षुल्लक, पण बदलायला इंजिन सोडवावे लागते. इंजिन एकदा खाली आलेच आहे तर हे काम टाळू नये.

आता आपल्या घरचा विषय. आपण ऊस घालतो, त्याच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉल होते, ते पेट्रोलमध्ये मिसळते. देशात हे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ साली २० टक्क्यांवर पोचले. उसाच्या पैशाच्या दृष्टीने हे आपल्याला हवेच होते. पण राजदूत घडली ती निव्वळ पेट्रोलसाठी. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. गाडी पावसाळाभर उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसते आणि गंज धरतो. जुने रबर फुगते, मऊ पडते. आमच्या गाडीची जुनी पेट्रोलची नळी बोटात दाबली की चिकट लागे. शिवाय इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, म्हणून जुन्या मापाच्या जेटवर मिश्रण पातळ पडते. त्यात सील सुकलेले असेल तर दोन्ही दोष एकाच बाजूला ओढतात.

उपाय खर्चाचे नाहीत. इथेनॉल सोसणारी नळी आणि नवे वॉशर घालावेत. मेन जेट एक माप मोठा बसवून प्लगचा रंग पाहावा: पांढरट दिसला तर मिश्रण अजून पातळ, विटकरी-तपकिरी दिसला तर ठीक. महिनाभर गाडी निघणार नसेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे. ऑइल चांगल्या टू-स्ट्रोकचेच, पुस्तिकेतल्या मापाने, आणि आधी डब्यात पेट्रोलशी हलवून मग टाकीत. आपल्याच उसाने आपलीच गाडी बंद पडली, असे हसून म्हणणारे गावात भेटतात. त्यांना ही नळी दाखवावी.

रंगाची घाई नको. टाकीवरचा मूळ रंग, वडिलांच्या गुडघ्याने घासलेली जागा, या गोष्टी पुन्हा मिळत नाहीत. गंज थांबवा, वरून तेलाचा हात फिरवा. नवा रंग पुढच्या वर्षीही देता येतो.

गाडी चालू झाली की मंडळी पहिल्याने बहिरमच्या यात्रेला नाही तर चिखलदऱ्याला काढतात. घाट चढताना ती रडतरडत का होईना चढते. उतरताना मात्र जपावे. या इंजिनाला तेल पेट्रोलबरोबरच पोचते. एक्सलेटर पूर्ण सोडून, गिअरात टाकून लांब उतार उतरलात तर फिरत्या इंजिनाला तेल मिळत नाही. म्हणून उतारावर मधूनमधून क्लच दाबून मूठ जराशी पिळावी, आणि भार दोन्ही ब्रेकांवर ठेवावा.