चंद्रकांत पंडित : खेळाडू ते प्रशिक्षक

वुडलँड्समध्ये मुले ब्लॉकखालच्या कोर्टवर बास्केटबॉल खेळत असतात आणि आम्ही पालक बाकावर गप्पा मारत बसतो. चांगला खेळाडू चांगला शिकवतोच का, हा वाद तिथे नेहमीचा. त्यावरून आम्हाला क्रिकेटमधले चंद्रकांत पंडित आठवले.

आचरेकर सरांचे हे शिष्य. यष्टिरक्षक आणि फलंदाज. १९८६ मध्ये लीड्सला कसोटी पदार्पण झाले, पण यष्टीमागची जागा किरण मोरे यांची. पंडितांच्या वाट्याला ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने आले. पुढे ते मध्य प्रदेशकडून खेळले. १९९९ साली बंगळुरूला रणजीचा अंतिम सामना होता, कर्णधार पंडित. पहिल्या डावात आघाडी घेऊनही संघ कर्नाटककडून हरला.

प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी मुंबईला तीनदा रणजी करंडक जिंकून दिला. मग विदर्भ! या संघाने तोवर अंतिम फेरीही पाहिली नव्हती. त्यांच्या हाताखाली २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा करंडक नागपूरला आला. शिस्त मात्र कडक, आपल्या मुलांना झेपेल की नाही कोण जाणे.

२०२० मध्ये ते प्रशिक्षक म्हणून मध्य प्रदेशकडे परतले. जून २०२२, पुन्हा बंगळुरू, तेच चिन्नास्वामी मैदान, पुन्हा अंतिम सामना. समोर खुद्द मुंबई. मध्य प्रदेश ६ गडी राखून जिंकला, राज्याचा पहिलाच रणजी करंडक. तेवीस वर्षांपूर्वी हरलेल्या कर्णधाराला मैदानावर रडू आवरले नाही.