खातं बंद पडलं, दाद कुठं मागायची? (डिजिटल हक्क : लेखांक ७)

मागच्या लेखांकात खातं हॅक झालं तर काय करायचं, ते पाहिलं. आज त्याला लागूनच असलेला प्रश्न घेऊ. खातं कुणी चोरलेलं नाही, कंपनीनंच बंद केलंय. दिवाळी तोंडावर आलेली, फराळाच्या ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते, ठरत आलेले सौदे सगळे इन्स्टाग्रामवर, आणि सकाळी ॲप उघडावं तर खातं निलंबित! घरातून व्यवसाय करणाऱ्या बायकांची अशा वेळी होणारी घालमेल पाहवत नाही.

पण घाईनं बटणं दाबू नका. आधी त्या सूचनेचा स्क्रीनशॉट घ्या आणि ती शब्दन् शब्द वाचा. कोणता नियम मोडल्याचा ठपका आहे आणि दाद मागायला किती मुदत आहे, हे त्यात असतं. इन्स्टाग्राम-फेसबुकवर ही मुदत सहसा १८० दिवसांची असते. कधी कधी दोष या खात्याचा नसतोच; त्याला जोडलेल्या दुसऱ्या खात्यावर कारवाई झाली की हेही बंद पडतं. मग अर्ज त्या मूळ खात्यासाठी करायला हवा. माहिती उतरवून घेण्याचा पर्याय दिसत असेल, तर ते काम सगळ्यात आधी उरका. ओळख पटवायला चेहऱ्याचा व्हिडिओ मागितला, तर खिडकीसमोर, भरपूर उजेडात काढा. आणि तेवढ्यात दुसरं खातं उघडू नका. कारवाई चुकवण्याचा प्रयत्न समजून तेही बंद होऊ शकतं.

कंपनीनं अर्ज फेटाळला की बहुतेक जण हात टेकतात. खरं तर आपल्या कायद्यानं दिलेला रस्ता तिथून पुढं सुरू होतो, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे याचं मला वाईट वाटतं. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी या कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. त्याचं नाव आणि संपर्क कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत, अशी मुदत त्या नियमांनी तेव्हा घालून दिली; २०२६च्या दुरुस्तीनं निकालाची मुदत ७ दिवसांवर आणली. निकाल पटला नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. २०२२च्या दुरुस्तीनं आलेल्या या समित्यांचं काम १ मार्च २०२३ला सुरू झालं. सगळा कारभार ऑनलाइन, त्यामुळे दिल्लीला हेलपाटे नाहीत.

तक्रारीत गयावया नको, तपशील हवा. खात्याचं नाव, बंद झाल्याची तारीख, लावलेला नियम आणि तो आपल्याला का लागू होत नाही, एवढं पुरे. ‘साडीचा फोटो मी माझ्या फोनवर काढला आहे, मूळ फाइल सोबत जोडली आहे’ हे एक वाक्य पानभर विनवण्यांपेक्षा जास्त काम करतं. पोचेचा ईमेल जपून ठेवा. पुढच्या अपिलाला तोच आधार.

कोर्टाचा दरवाजा आहे, पण तो सोपा नाही. २०१९मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं. नाझी सलामीला नकार देणाऱ्या माणसाचं गाजलेलं छायाचित्र आणि एका हिंदी कवितेची पोस्ट ही त्याची निमित्तं. त्यांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. ऑक्टोबर २०२५मध्ये व्हॉट्सॲप बंद झाल्याची एक याचिका थेट सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयानं ती ऐकायला नकार दिला. व्हॉट्सॲप वापरणं हा मूलभूत हक्क कसा, असा त्यांचा सवाल होता. ज्यांचं पोट त्या खात्यावर आहे, त्यांना हे उत्तर पुरेसं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणूनच समितीचा रस्ता जास्तीत जास्त लोकांनी वापरायला हवा.

एक सावधगिरी. खातं बंद झाल्याचं कुठं लिहिलंत की ‘काही हजारांत परत मिळवून देतो’ म्हणणारे लगेच गाठतात. त्यांना पैसे देऊ नका, ओटीपी तर मुळीच नको. पैसे गेलेच, तर तडक १९३०वर फोन करा.

पुढच्या आठवड्यात : अपील समितीचा अर्ज रकान्यागणिक कसा भरायचा.