800 प्रतींचा हिशेब

नोव्हेंबर 2010 मध्ये कॅनडाचा गिलर पुरस्कार जोहाना स्किब्सरुड यांच्या ‘द सेंटिमेंटलिस्ट्स’ या पहिल्याच कादंबरीला मिळाला, तेव्हा तिची पहिली आवृत्ती होती अवघ्या 800 प्रतींची. प्रकाशक होता नोव्हा स्कोशियातल्या केंटव्हिल या लहान गावातला गॅस्परो प्रेस. अँड्र्यू स्टीव्ह्ज आणि गॅरी डनफील्ड या दोघांनी 1997 मध्ये सुरू केलेला हा छापखाना अक्षरजुळणी, छपाई, शिवण, बांधणी, सगळं एकाच छपराखाली करायचा. आतली पानं ऑफसेटवर आणि वेष्टन खिळ्यांच्या जुन्या मशीनवर.

गिलर मिळालेलं पुस्तक नाताळच्या आत हजारोंनी खपतं. दुकानदारांच्या मागण्या येत होत्या आणि गॅस्परोतून आठवड्याला बाहेर पडू शकत होत्या जेमतेम 1,000 प्रती. काम मोठ्या छापखान्याला देऊन टाका, असा आग्रह वाढत गेला. स्टीव्ह्ज आपल्याच छापखान्यात छापण्यावर ठाम होते. काहींना हे बाणेदारपण वाटलं, काहींना लेखिकेवरचा अन्याय.

मी कॅनडात राहायला आल्यावर ही हकिगत ऐकली आणि तो 800 चा आकडा डोक्यातून जाईना. माणसं एवढी हटून बसतात, म्हणजे त्यांना काहीतरी राखायचं असतं. ते काय, हे बघण्यासाठी मी ग्रिम्सबीला गेले.

ग्रिम्सबी हे टोरोंटोहून नायगराकडे जाताना ऑन्टारिओ सरोवराच्या काठी लागणारं गाव. तिथल्या सार्वजनिक कलादालनात 1979 पासून एप्रिलमध्ये मुद्रकांचा मेळा भरतो, त्याला ‘वेझगूस’ म्हणतात. टेबलांवर हातकागद, लाकडी ठसे, दोऱ्याने शिवलेल्या कवितांच्या पुस्तिका, बांधणीची हत्यारं. मुद्रक आपापल्या घरी एकेक फर्मा छापतात आणि ते सगळे एकत्र बांधून मेळ्याचा वार्षिक संग्रह तयार होतो. त्यामुळे एकाच पुस्तकात दर काही पानांनी कागद, अक्षर आणि शाई बदलते, हात बदललेला दिसतो.

तिथल्या एका टेबलामागे सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. मी 800 चा विषय काढताच त्या म्हणाल्या, “आठशे? आठशे म्हणजे पुष्कळ झाल्या.” त्या स्वतः शंभराच्या आसपास प्रती काढतात. मला आकडा नीट उमगला नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं. “शेडवर ये,” म्हणाल्या, “तिथे सांगते.”

शेड त्यांच्या घरामागे आहे. दार उघडलं की जवसाच्या तेलातल्या शाईचा जड, गोडसर वास येतो. मधोमध चँडलर अँड प्राइसचं ट्रेडल उभं आहे, वजन सातशे किलोच्या घरात. क्लीव्हलंडच्या या कंपनीने 1964 मध्ये मशीनं बनवणं थांबवलं. तरुणपणी बाई एका जॉब प्रेसमध्ये जुळणी करायच्या. ऑफसेट आलं तेव्हा मालकाने खिळे भंगारातल्या शिशाच्या भावाने काढले. बाईंनी उधारी करून जमेल तेवढे उचलले आणि त्यांच्यासोबत हे मशीनही. उत्तर अमेरिकेतल्या कितीतरी छापखान्यांचं त्या काळात हेच झालं, आणि आजची ही हौशी मंडळी त्या मोडीतूनच उभी राहिली.

खिळे स्टिकमध्ये जुळवायचे, गॅलीवर घ्यायचे, चौकटीत आवळायचे, प्रूफ काढायचं. हे सगळं त्यांनी गप्पा मारता मारता केलं. मग चाक फिरू लागलं आणि त्या बोलायच्या थांबल्या. ट्रेडलचा जबडा उघडतो तेव्हा उजवा हात कोरा कागद आत ठेवतो, डावा हात छापलेला काढून घेतो, आणि जबडा मिटायच्या आत दोन्ही हात बाहेर यावे लागतात. जाळी नाही, आपोआप थांबणं नाही. असते ती फक्त लय.

थोड्या वेळाने त्यांनी मशीन थांबवलं आणि हिशेब मांडला. चौसष्ट पानांचं पुस्तक, या मशीनवर एका दाबाला दोन पानं. म्हणजे एका प्रतीला 32 दाब. 800 प्रतींना 25,600. “पंचवीस हजार सहाशे वेळा हात आत आणि बाहेर,” त्या म्हणाल्या. “आणि प्रत्येक वेळी बघायचं, शाई बसली का.” गॅस्परोची कादंबरी अशी ट्रेडलवर छापलेली नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण आकड्याकडे बघायची त्यांची रीत मला कळली. कोणीतरी एकदा उभं राहून बघितलेली वस्तू म्हणजे त्यांच्या लेखी एक प्रत.

मला वारंवार आठवतं ते मात्र छपाईनंतरचं काम. खिळ्यांवरची शाई पुसली, जुळणीभोवतीचा दोरा सोडला, आणि ओळ हातात धरून त्या एकेक अक्षर केसमधल्या आपापल्या खान्यात टाकू लागल्या. विणलेलं उसवावं तशी कविता शेवटापासून सुटत गेली. खिळे उलटे वाचायचे असतात आणि b, d, p, q हे एकमेकांचं सोंग घेतात, तरी बोटं अडखळत नव्हती. चुकीच्या खान्यात गेलेलं अक्षर पुढच्या पुस्तकात चूक होऊन उगवतं, म्हणून हे काम त्या कोणाला देत नाहीत. शिकायला आलेल्याला मात्र आधी हेच देतात, जुन्या, बाद झालेल्या खिळ्यांवर. जुळणी त्यानंतर.

अक्षरं सोडवावी लागतात ती शिस्तीसाठी आणि गरजेपोटीही, कारण खिळे कधीच पुरत नाहीत. मार्गारेट अॅटवूड यांनी 1961 मध्ये ‘डबल पर्सेफोनी’ ही आपली पहिली पुस्तिका स्वतःच्या हाताने खिळे जुळवून छापली. त्यांच्याजवळ ‘a’ पुरेसे नव्हते, म्हणून एक कविता छापून ती मोडल्याशिवाय पुढची जुळवता येत नव्हती. प्रती निघाल्या दोनशे-अडीचशे. त्या दशकात कॅनडातल्या कवींच्या एका पूर्ण पिढीला असेच छापखाने मिळाले. स्टॅन बेव्हिंग्टन यांनी 1965 मध्ये टोरोंटोत सुरू केलेल्या कोच हाउसने 1967 मध्ये मायकल ओंडात्जे यांचा पहिला संग्रह काढला. कोच हाउसच्या गल्लीला आज कवी बीपीनिकल यांचं नाव आहे, आणि तिथे अजूनही खाली छपाई आणि वर संपादन चालतं. मोठ्या प्रकाशकांना नव्या कवीत रस नसतो तेव्हा कवीला यंत्राजवळ जावं लागतं. या देशाच्या साहित्याचा बराच भाग त्या जवळिकीतून आला आहे.

शेडमध्ये मी बाईंच्या कागदावर माझं नाव देवनागरीत लिहिलं, तेव्हा त्यांनी नॉर्वे हाउसची गोष्ट सांगितली. 1840 मध्ये, आजच्या मॅनिटोबातल्या त्या व्यापारी ठाण्यावर जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने क्री या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेची अक्षरं छापायला घेतली. खिळे ओतायला शिसं काढलं चहाच्या पेट्यांच्या अस्तरातलं, शाई केली काजळी आणि माशाच्या तेलाची, दाबायला घेतला फरच्या गासड्या बांधायचा दाब, आणि कागदाच्या जागी भूर्जाची साल. नऊ आकार, आणि तोच आकार चार दिशांना फिरवला की चार स्वर. या आकारांत आणि व्यंजनाला स्वर जोडण्याच्या पद्धतीत अभ्यासकांना देवनागरीची छाप दिसते. क्री लोक मात्र ही लिपी आपल्या कॉलिंग बॅजर या वडीलधाऱ्याला दृष्टान्तात मिळाली असं सांगतात. बाईंनी दोन्ही हकिगती सांगितल्या, निवाडा केला नाही. त्यांचं लक्ष चहाच्या पेटीवर होतं. छापायचंच असेल तर साहित्य सापडतं, एवढं त्यांना त्यातून घ्यायचं होतं.

हाताने छापणाऱ्या या मंडळींत मतभेद आहेत आणि ते खोल आहेत. नव्यांपैकी बरेच जण संगणकावर मांडणी करून फोटोपॉलिमरच्या पट्टीवरून छापतात. लग्नपत्रिकेच्या गिऱ्हाइकांना अक्षर कागदात रुतलेलं हवं असतं, बोट फिरवलं की खड्डा लागला पाहिजे. बाईंना तो खड्डा सहन होत नाही. अक्षराने कागदाला नुसता स्पर्श करावा, असं त्यांच्या पिढीचं शिक्षण. जोर दिला की खिळा झिजतो, आणि झिजलेला खिळा आता कोण ओतून देणार? न्यू वेस्टमिन्स्टरचे जिम रिमर स्वतः अक्षरं रेखाटून, साचे कोरून, धातूत ओतायचे. ते 2010 मध्ये गेले. पट्टीवाल्यांमुळे मशीनं फिरती राहतात, हे मला मान्य आहे. पण खड्ड्याची आवड हे वाचण्याचं प्रेम नव्हे, असं बाईंसारखंच मलाही वाटतं.

गिलरच्या गोष्टीचा शेवट बहुतेकांना माहीत नसतो. काही दिवसांनी गॅस्परोने व्हँकूवरच्या डग्लस अँड मॅकिन्टायर या बड्या प्रकाशकाला पेपरबॅक काढू दिली आणि स्वतःची आवृत्ती छापणंही चालू ठेवलं. लेखिकेला वाचक मिळाले, ते मिळायलाच हवे होते. ऑक्टोबर 2012 मध्ये त्या बड्या प्रकाशकाला कर्जदारांपासून संरक्षणासाठी अर्ज करावा लागला. त्याची कारणं वेगळी होती आणि या कादंबरीवर त्याचा ठपका ठेवता येणार नाही. पण मोठं म्हणजे टिकाऊ, लहान म्हणजे नाजूक, ही आपली समजूत तपासून घ्यावी, एवढं तरी त्यातून निघतं. केंटव्हिलचा छापखाना तेव्हा चालू होता, आपल्याच गतीने.

मी स्टीव्ह्ज यांच्या बाजूने झुकले आहे, हे उघड आहे. अशा छापखान्यांना कॅनडात सरकारी अनुदानाचा आधार मिळतो, आणि तो मिळायला हवा, कारण बाजाराच्या गणितात यांचे 25,600 दाब कधीच बसणार नाहीत. मात्र अनुदानाने माणूस तयार होत नाही. तो शेडमध्ये, बाद खिळे खान्यांत टाकत तयार होतो. बाईंकडे सध्या एक मुलगा येतो. त्याने अजून एकही ओळ जुळवलेली नाही. येत राहिला तर या वर्षी जुळवेल, असं त्या म्हणाल्या. मी 800 प्रतींचा हिशेब आता असा मांडते: एका छापखान्याला जेवढ्या प्रतींची जबाबदारी घेता येते तेवढ्याच काढायच्या, आणि ती घेणारं आणखी एक माणूस दरवर्षी घडवत राहायचं.