विभाग मोडताना

रणजी करंडक स्पर्धेची विभागवार रचना २००२-०३ च्या हंगामात मोडीत निघाली. तोवर मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात व सौराष्ट्र हे पश्चिमेकडील संघ प्रथम आपसांत झुंजत. नंतर ‘एलिट’ व ‘प्लेट’ अशी प्रतवारी आली. दुबळ्या विभागातून अलगद पुढे सरकण्याची सोय संपली, हे योग्यच झाले. परंतु अशा बदलाची किंमत कोणी मोजावयाची, हे संघांना आधीच सांगावयास हवे. पुण्याहून बडोद्याला जाणे निराळे आणि गुवाहाटीला जाणे निराळे. नोकरदार खेळाडूला तितकी रजा अधिक काढावी लागते. खालच्या गटात घसरण्याची जोखीम वेगळीच! ‘दर्जा सुधारेल’ एवढेच कळविणे म्हणजे जमेचे पान दाखवून खर्चाचे पान झाकणे होय. ते हंगामापूर्वी उघडले, तर लहान संघटनांना निदान हरकत तरी नोंदविता येईल.