वाजून झालेली गिटार पुन्हा ॲम्पमधून

ॲम्पशिवाय रेकॉर्ड केलेली इलेक्ट्रिक गिटार अगदी उघडी पडते. पिकअपचा सिग्नल डीआय बॉक्समधून थेट इंटरफेसमध्ये गेलेला असतो. वाटेत स्पीकर नाही, माइक नाही, खोलीही नाही. उरते ती तारेवर आपटणारी पिक, बोटं सरकल्याची करकर आणि एक बारीक, कडक सूर. हा कोरडा ट्रॅक मला मनापासून आवडतो, कारण त्यात वादकाचा हात लपत नाही. कुठली तार उशिरा सुटली, कुठल्या कॉर्डला एक बोट कमी दाबलं गेलं, सगळं कळतं.

हाच ट्रॅक संगणकातून बाहेर काढायचा, पेडल आणि खऱ्या ॲम्पमधून सोडायचा आणि स्पीकरसमोर माइक लावून पुन्हा रेकॉर्ड करायचा, हे रीॲम्पिंग. मात्र इंटरफेसच्या आउटपुटची केबल सरळ ॲम्पमध्ये खुपसून चालत नाही. व्यावसायिक लाइन आउटपुटची नेहमीची पातळी सुमारे १.२३ व्होल्ट असते. साधा पिकअप बहुतेक वेळा त्याहून बराच कमी देतो. शिवाय गिटारच्या बाजूने इम्पिडन्स हजारो ओहमचा, लाइन आउटपुटचा मात्र फार कमी. म्हणून मध्ये रीॲम्प बॉक्स लागतो. तो पातळी खाली आणतो, इम्पिडन्स वर नेतो, आणि त्यातला ट्रान्सफॉर्मर संगणक व ॲम्प यांना विजेच्या दृष्टीने वेगळं ठेवतो. ते वेगळे नसतील, तर आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची घूं प्रत्येक विरामात ऐकू येते. जो सॅट्रियानी यांच्याबरोबर काम केलेले अमेरिकन ध्वनिमुद्रक जॉन क्युनिबर्टी यांनी १९९० च्या दशकात ‘रीॲम्प’ नावाचा असा बॉक्स बाजारात आणला आणि तेच नाव पुढे या कामालाच चिकटलं.

सगळ्यात जास्त वेळ पातळी जुळवण्यात द्यावा, असं माझं ठाम मत आहे. आधी वादकाला तीच गिटार ॲम्पला थेट जोडून तोच तुकडा वाजवायला सांगायचं. मग केबल काढून रेकॉर्ड केलेला तुकडा बॉक्समधून सोडायचा आणि दोन्हींतली धार सारखी होईपर्यंत बॉक्सची नॉब फिरवायची. ओव्हरड्राइव्ह पेडल किती तापेल, ट्यूब ॲम्प कुठल्या आघातावर फाटेल, हे आत येणाऱ्या सिग्नलच्या जोरावर ठरतं. थोडं जास्त सोडलं, की हलक्या हाताने वाजवलेल्या जागाही गुरगुरतात. पेडलवरचा गेन कमी केला तरी तो फरक पुरता भरून निघत नाही.

एकदा हे जमलं, की खरी गंमत सुरू होते. आठ मात्रांचा तुकडा लूपवर लावला, की गिटार अजिबात न थकता वाजत राहते. आता ॲम्पच्या खोलीत जाऊन माइक हलवायला कितीही वेळ मिळतो. शुअर एसएम५७ स्पीकरच्या कोनाच्या अगदी मध्यावर धरला, तर पिकेचा चटका दातांत जातो. तोच दोन बोटं कडेकडे सरकवला, की टोक बोथट होतं आणि मधली जाडी पुढे येते. तिरका केला की आणखी काही. वादकही अशा वेळी गुडघे टेकून स्पीकरसमोर बसतो. आपण वाजवलेलं हात मोकळे ठेवून ऐकायची ही संधी त्याला एरवी मिळत नाही, आणि नॉबबद्दलचं त्याचं मत तिथे हमखास बदलतं. वाजवताना भरपूर हवी वाटणारी विकृती (डिस्टॉर्शन) ऐकताना नको होते.

इतर वाद्यांवरही हे करून बघावं. हार्मोनियमचा ट्रॅक आम्ही छोट्या ट्यूब ॲम्पमधून सोडला. एकेक स्वर होता तोवर आवाज सनईच्या जवळ जाणारा, देखणा झाला. गंधार मिसळलेला कॉर्ड आला तेव्हा चिखल. विकृतीत दोन स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर निर्माण होतात. षड्ज-पंचमाला ते मानवतात, इतर जोड्यांना क्वचितच. भात्याचा श्वासही दुप्पट मोठा झाला, पण तो आम्ही ठेवला. स्नेअरसाठी तर पेडलही लागत नाही. स्पीकर स्नेअर ड्रमवर उपडा ठेवून जुना ट्रॅक वाजवला, की खालच्या तारा थरथरतात. तेवढाच झणत्कार रेकॉर्ड करून मूळ ट्रॅकखाली मिसळायचा.

परत आलेला ट्रॅक किंचित मागे पडलेला असतो. संगणकातून बाहेर आणि परत आत येण्यात काही मिलिसेकंद जातात, आणि हवेतलं एक फूट अंतर कापायलाही जवळपास १ मिलिसेकंद लागतो. कोरडा ट्रॅक सोबत वाजवायचा असेल, तर हे अंतर मिटवल्याशिवाय खर्ज पोकळ होतो. सुरुवातीला एक टिचकी रेकॉर्ड केली असेल, तर ती पाहून ट्रॅक सरकवता येतो.

फझ पेडल मात्र या पद्धतीला सहसा दाद देत नाही. १९६६ मध्ये लंडनमध्ये आलेल्या फझ फेसचा इनपुट इतका कमी इम्पिडन्सचा आहे, की पिकअपची कॉइल आणि गिटारची व्हॉल्यूम नॉब त्याच्या सर्किटचाच भाग बनतात. नॉब जराशी मागे घेतली की फझ स्वच्छ होतो, ही त्याची खासियत कोरड्या ट्रॅकमध्ये अडकवून ठेवता येत नाही. काही बॉक्स कॉइलचा आभास देतात, तरी तो फरक कानाला लागतोच.

फीडबॅकचंही तेच. ॲम्पच्या आवाजाने तार पुन्हा कंप पावते आणि स्वर संपायचं नाव घेत नाही, पण त्यासाठी तार त्याच खोलीत हवी. त्यामुळे ज्या गाण्यात सोलोचा शेवटचा स्वर असा तरंगत ठेवायचा असतो, तिथे आम्ही बाकीची गिटार रीॲम्प करतो आणि त्या चार मात्रांसाठी वादकाला पुन्हा ॲम्पसमोर उभं करतो, त्याच माइकसमोर, नॉब तिथल्या तिथे ठेवून.